निरभ्र रात्र, गारठलेली जमीन आणि रानातील मुक्काम

नागपूर : विदर्भाची ख्याती उन्हाळ्याची, त्यामुळे येथील थंडी कोणी फारशी मनावर घेत नाही. परंतु २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत घसरले होते. शहराच्या तोवरच्या नोंदींतील तो नीचांक होता.

हवामान खात्याचा हा आकडा जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या पेटीतील असतो. तंबूत झोपणारा मात्र थेट जमिनीवर असतो आणि उघड्या रानात जमिनीलगतची हवा याहून काही अंशांनी गार असू शकते.

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील क्षेत्राला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तारे पाहण्यास हिवाळ्यातील निरभ्र रात्र उत्तम. पण गारठाही त्याच रात्री अधिक. ढगांचे पांघरूण नसल्याने जमिनीतील उष्णता निघून जाते आणि पारा सूर्योदयाच्या सुमारास तळ गाठतो. जड झालेली गार हवा सखल भागात साचते. म्हणूनच तलावाचा काठ किंवा नाल्याची खोलगट जागा कितीही रम्य वाटली, तरी तंबूसाठी थोडी उंचावरची, वारा अडलेली जागा बरी.

अनेक जण पांघरुणांची चळत नेतात आणि अंथरुणाला विसरतात. खाली ताडपत्री, त्यावर तणसाचा जाड थर किंवा फोमची चटई हवीच. दिवसभराचे घामेजलेले सुती कपडे बदलून कोरडे लोकरी कपडे, पायमोजे व कानटोपी घालूनच झोपावे.

बंद तंबूत कोळशाची शेगडी नेणे मात्र जिवावर बेतू शकते. तीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेल्याला जागही येत नाही. मद्याने ऊब आल्याचा केवळ भास होतो, प्रत्यक्षात शरीराची उष्णता वेगाने बाहेर पडते.

शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू होतो. बोलणे अडखळणे, तोल जाणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे होत. हुडहुडी थांबली, पण गुंगी वाढली, तर प्रकृती सुधारली असे समजू नये. ती खालावत असते. रुग्णाचे ओले कपडे काढून त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, शुद्धीत असल्यास गरम गोड पेय द्यावे, हातपाय चोळू नयेत आणि तातडीने दवाखाना गाठावा.

व्याघ्र प्रकल्पात मन मानेल तेथे तंबू ठोकता येत नाही, शेकोटीही पेटवता येत नाही. मुक्कामाची परवानगी वनविभागाकडून आधीच घ्यावी.