शास्त्रींच्या व्यवस्थेपासून पूर्णपीठापर्यंत

14 ऑगस्ट 1862 रोजी मुंबईचे सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत यांची जागा उच्च न्यायालयाने घेतली. सर मॅथ्यू सॉसे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. हिंदूंच्या वारसा-दत्तकाच्या दाव्यांत धर्मशास्त्राचे मत सांगण्यासाठी तोवर कोर्टांत शास्त्री नेमलेले असत. 1864 च्या कायद्याने ती पदे गेली. पोथीचा अर्थ आता न्यायाधीशांनीच लावायचा होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना संस्कृत येत नव्हते.

ही उणीव अनेकांच्या कष्टाने भरून निघाली. शास्त्रींनी दिलेल्या व्यवस्था, म्हणजे त्यांची धर्मशास्त्रीय मते, रेमंड वेस्ट आणि ब्यूलर यांनी 1867 पासून ग्रंथरूपाने आणल्या. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी 1880 मध्ये व्यवहारमयूख हा धर्मशास्त्रग्रंथ इंग्रजीत आणला. पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि महादेव गोविंद रानडे न्यायासनावर आले, तेव्हा मूळ ग्रंथ वाचणारे न्यायाधीशच लाभले. वकिली सांभाळून पां. वा. काण्यांनी 1926 मध्ये मयूखाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हिंदू कायद्यावरचे सर्वाधिक चाललेले पुस्तक मात्र 1912 मध्ये दिनशा मुल्ला या पारशी वकिलाने लिहिले, हेही मुंबईलाच शोभणारे.

मयूखकार नीलकंठ भट्ट सतराव्या शतकात काशीत लिहीत होते, पण घराणे मूळचे पैठणचे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात त्यांचा शब्द अखेरचा. इतरत्र मिताक्षरा हा दुसरा ग्रंथ वरचढ. बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून ती त्याची वारस, हा नीलकंठांचा युक्तिवाद मुंबईच्या न्यायालयांनी उचलला आणि 1864 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. अन्य प्रांतांत बापाची मिळकत मुलीकडे आली तरी हयातीपुरतीच येई. मुंबई इलाख्यात ती पूर्ण मालकीने मिळे. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या 1827 च्या नियमांनी रूढीला ग्रंथाच्या आधी मान दिला होता, त्याचेही हे फळ.

वाटचाल सरळ नव्हती. एकत्र कुटुंबातील विधवेच्या दत्तकाधिकारावर 1879 च्या पूर्णपीठाने संमतीची अट घातली. प्रिव्ही कौन्सिलने ती अर्धशतकानंतर दूर केली. रखमाबाईंच्या खटल्यात न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये पत्नीने नांदायला यावे हा नवऱ्याचा दावा फेटाळला, पण अपिलात तो निर्णय फिरला आणि 1887 मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम झाला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. रखमाबाई डॉक्टर झाल्या. त्या हुकमाचे समर्थन आज कोणी करणार नाही.

स्वातंत्र्यानंतर, 1951 मध्ये, छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने मुंबई प्रांताचा 1946 चा द्विभार्याप्रतिबंधक कायदा वैध ठरवला. त्याच निकालात त्यांनी व्यक्तिगत कायद्याला मूलभूत हक्कांची कसोटी लागत नाही असेही म्हटले, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. 1955–56 च्या हिंदू कायद्याच्या संहितांनी ग्रंथांचा आधार बराचसा संपवला. अर्थ लावायचे काम काही संपले नाही. 1960 मध्ये वारलेल्या एका कुटुंबप्रमुखाच्या विधवेला खालच्या कोर्टाने अवघा चोविसावा हिस्सा दिला होता. मृत्यूआधी वाटप झाले असते तर तिला मिळणारा चतुर्थांशही त्यात मिळवावा, म्हणजे 7/24, असे उच्च न्यायालयाने ठरवले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का उमटवला.

वारसा कायद्याच्या 1994 च्या महाराष्ट्र दुरुस्तीने मुलगी सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सेदार, झाली, पण आधी लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या. 2005 ची केंद्रीय दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांनाच लागू, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2012 मध्ये म्हटले. 2014 मध्ये पूर्णपीठाने हे मत खोडून काढले. वडील त्या दिवशी हयात असले पाहिजेत, ही सर्वोच्च न्यायालयाच्या आधीच्या निकालातली अट त्याच न्यायालयाने 2020 मध्ये काढली. आता मुलींचे वाटपाचे दावे मुंबईत, नागपूर-औरंगाबादच्या पीठांपुढे आणि 2025 पासून कोल्हापुरातही चालतात. गोव्याच्या पीठापुढे मात्र हा प्रश्न वेगळ्याच वाटेने येतो. तिथे मुलीचा हिस्सा पोर्तुगीज नागरी संहितेपासूनच ठरलेला आहे.