मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांवरील स्थानिक शासनाची देखरेख (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील शहरांत निर्माण होणारे मैलापाणी गोळा करणे, ते शुद्ध करणे आणि नदीत, खाडीत वा समुद्रात सोडणे ही महानगरपालिका व नगरपरिषदांची जबाबदारी आहे. शुद्धीकरण केंद्रांची मालकी बहुधा याच संस्थांकडे असते आणि ती नीट चालतात की नाही हे पाहण्याचे पहिले कामही त्यांच्याकडेच येते. चालवणारा व तपासणारा एकच असल्यामुळे या देखरेखीचे स्वरूप कारखान्यांवरील नियंत्रणापेक्षा वेगळे आहे.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार मैलापाण्याची विल्हेवाट हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. मुंबईसाठी १८८८ चा आणि नगरपरिषदांसाठी १९६५ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. बाहेरील नियंत्रण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असून जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ प्रमाणे प्रत्येक केंद्रास मंडळाची संमती घ्यावी लागते. कलम ३३अ अन्वये मंडळ एखादा उद्योग बंद करण्याचा किंवा त्याची वीज तोडण्याचा आदेश देऊ शकते. मैलापाणी केंद्राच्या बाबतीत हे हत्यार उलटे चालते. कारखाना बंद केला की त्याचे प्रदूषण थांबते, पण केंद्र बंद केले तर सगळे मैलापाणी थेट नदीत जाते. दंड ठोठावला तरी तो शेवटी करदात्यांच्याच पैशातून भरला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर निकाल देताना निधीची टंचाई ही सबब अमान्य केली. केंद्रांच्या खर्चासाठी स्थानिक संस्थांनी वापरकर्त्यांकडून आकार घेण्याचे निकष ठरवावेत, तसे न झाल्यास भार राज्य सरकारने उचलावा, असे त्यात म्हटले आहे.

प्रत्यक्ष तपासणी

केंद्र चालवण्याचे काम बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे असते. महानगरपालिकेचे अभियंते आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचा प्रवाह, विजेचा वापर, वायुमिश्रण टाकीतील विरघळलेला प्राणवायू आणि प्रयोगशाळेचे अहवाल तपासतात. यांतील सर्वांत महत्त्वाची चाचणी जैविक प्राणवायू मागणीची (बीओडी) होय. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार तिची मर्यादा महानगरांसाठी लिटरमागे २० मिलिग्रॅम व इतरत्र ३० मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मोठ्या शहरांसाठी ती १० पर्यंत खाली आणण्याचा आदेश दिला. भारतात रूढ पद्धतीने ही चाचणी २७ अंश सेल्सियसला ३ दिवस चालते. निकाल हाती येईपर्यंत ते पाणी कधीच पुढे निघून गेलेले असते. म्हणूनच प्रवाहमापक आणि वीजमीटर यांच्या नोंदी अधिक बोलक्या ठरतात. हवा पुरवणारी यंत्रे बंद असतील तर वीज कमी लागते आणि ते देयकात दिसते.

अहवालांत न उमटणारी गोष्ट म्हणजे केंद्रापर्यंत न पोहोचलेले पाणी. उपसा केंद्रातील पंप बंद पडला किंवा वाहिनी तुंबली की मैलापाणी नाल्यात उतरते, आणि केंद्राचे आकडे मात्र उत्तम राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते. स्थापित क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ दशलक्ष लिटरवर होत होती.

सभागृहाची भूमिका

महानगरपालिका अधिनियमातील कलम ६७अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवणे आवश्यक आहे. ठेक्यांना मंजुरी देणारी स्थायी समिती हा दुसरा अंकुश आहे. दोन्हींचा उपयोग नगरसेवक प्रश्न विचारतात की नाही यावर अवलंबून असतो.

पुणे

मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या (जायका) कर्जातून सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यात ११ केंद्रे व दररोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता अपेक्षित होती. भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजी झाले. त्याच महिन्यात महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्याने कारभार प्रशासकाकडे गेला. सर्वसाधारण सभा व स्थायी समिती यांचे अधिकार त्याच्याकडे एकवटल्यामुळे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. बांधकामाचा मोठा काळ असा लोकनियुक्त देखरेखीविना गेला.

याचे परिणाम पुण्यापुरते राहत नाहीत. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनी जलाशयात जाते आणि सोलापूर शहराला पिण्याचे पाणी उजनीतूनही मिळते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी शेतीसाठी कालव्यात सोडले जाते. वर्षाला ६.५ अब्ज घनफूट पाणी असे देण्याचे उद्दिष्ट आहे. हे पाणी वापरणारे दौंड, इंदापूर किंवा सोलापूरचे रहिवासी पुण्याच्या सभागृहासाठी मतदान करत नाहीत. त्यांना दाद मागायची असल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा हरित न्यायाधिकरणाचे पुण्यातील पश्चिम विभागीय खंडपीठ हेच मार्ग उरतात.