मधल्या सुट्टीतला शेअर बाजार : अमेरिकेतील ‘बकेट शॉप’ ते मुंबईचा आकडा

१/ नोकरी सांभाळून, दिवसातल्या मोकळ्या अर्ध्या तासात शेअरचे सौदे करावेत आणि पगाराला जोड मिळवावी, ही आकांक्षा मोबाइलबरोबर जन्मलेली नाही. तिचे वय दीडशे वर्षांच्या घरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शहरांत कारकून, दुकानांतील विक्रेते आणि तारखात्यातील नोकर हेच करीत होते. त्यांच्यासाठी खास दुकाने निघाली होती. त्यांना ‘बकेट शॉप’ म्हणत. हा थ्रेड त्या दुकानांच्या उदयास्ताचा.

२/ आरंभ एका यंत्रापासून होतो. १८६७ साली एडवर्ड कॅलहन याने न्यूयॉर्कमध्ये ‘टिकर’ हे तारयंत्र आणले. बाजारात सौदा झाला की त्याचा भाव तारेने निघे आणि दूरच्या कचेरीत कागदाच्या अरुंद पट्टीवर छापला जाई. पुढे तरुण थॉमस एडिसननेही या यंत्रात सुधारणा केल्या. त्यापूर्वी ताजा भाव कळण्यासाठी बाजाराच्या आसपास असावे लागे. आता तो शेकडो मैलांवरच्या गावातही काही मिनिटांत पोहोचू लागला.

३/ भाव पोहोचला, तरी बाजार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला नव्हता. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात सौद्याचे नेहमीचे माप १०० शेअरचे होते. शेअरचा भाव १०० डॉलर धरला, तर सौदा १०,००० डॉलरचा होई. दलालाकडे त्याच्या दहा टक्के अनामत ठेवायची म्हटली, तरी १,००० डॉलर हवेत. आठवड्याला दहा-पंधरा डॉलर मिळविणाऱ्या कारकुनाला हे दार बंदच होते.

४/ दुसरी अडचण वेळेची होती. १८७३ पासून न्यूयॉर्कचा बाजार सकाळी १० ते दुपारी ३ असा चाले आणि शनिवारी १२ वाजता संपे. नेमक्या याच तासांत कारकून आपल्या मेजाशी बांधलेला असे. बाजाराची वेळ आणि कचेरीची वेळ एकच असल्यामुळे त्याच्या हाती उरे ती फक्त जेवणाची सुट्टी.

५/ बकेट शॉपवाल्यांनी या दोन्ही अडचणींवर तोडगा काढला. कचेऱ्यांच्या वस्तीत एक खोली, भिंतीवर मोठा फळा, कोपऱ्यात टिकर आणि फळ्यावर भाव लिहिणारा पोऱ्या, एवढ्यावर दुकान उभे राही. येथे पाच-दहा शेअरचा सौदाही चाले आणि अनामत शेअरमागे एक डॉलर पुरे. म्हणजे दहा डॉलर खिशात असले की १,००० डॉलरच्या शेअरवर तेजी किंवा मंदी करता येई. खिडकीशी पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची आणि कामावर परतायचे.

६/ मात्र त्या चिठ्ठीमागे शेअर नसत. गिऱ्हाइकाचा सौदा खऱ्या बाजारात जातच नसे. दुकानदार तो स्वतःच्या अंगावर घेई. भाव गिऱ्हाइकाच्या बाजूने गेला तर फरक दुकानदाराने द्यायचा, विरुद्ध गेला तर अनामत दुकानदाराची. वरून हा शेअरचा व्यवहार दिसे, पण आतून ती टिकरवर उमटणाऱ्या आकड्यांवर लावलेली पैज होती. गिऱ्हाइकाचे नुकसान हेच दुकानाचे उत्पन्न होते.

७/ हा धंदा नेहमीच खोटे भाव लिहून चाले, असे मानण्याचे कारण नाही. अनेकदा खरे भाव पुरेसे असत. १०० डॉलरच्या शेअरवर एक डॉलर अनामत म्हणजे केवळ एक टक्का. दिवसभरात एवढा चढउतार ही शेअरची अगदी सामान्य हालचाल. भाव एका डॉलरने विरुद्ध गेला की सौदा त्याच क्षणी संपे. संध्याकाळी तो शेअर दोन डॉलर वर बंद झाला, तरी त्या गिऱ्हाइकाला उपयोग नसे.

८/ वेळेचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. दिवसभर फळ्यासमोर बसणारा माणूस भाव घसरू लागताच अनामत वाढवू शके किंवा थोड्या तोट्यात बाहेर पडू शके. कारकुनाला दोन्ही शक्य नसे. तो कचेरीत हिशेबाच्या वह्या लिहीत असताना त्याचा सौदा तिकडे संपून गेलेला असे. ज्याच्याजवळ वेळ कमी, त्याने मोठा चढउतार सोसेल एवढी जास्त अनामत ठेवून सौदा करायला हवा होता. दुकानाने त्याच्यापुढे नेमका उलटा सौदा ठेवला होता.

९/ काही दुकानदार याहून पुढे जात. एखाद्या शेअरवर बहुतेक गिऱ्हाइकांनी तेजी केलेली दिसली की ते खऱ्या बाजारात त्या शेअरची थोडी विक्री करवीत. भाव क्षणभर एका डॉलरने पडे, टिकरवर तसा छापला जाई आणि अनेक शहरांतील लहान गिऱ्हाइकांची अनामत एकाच वेळी जप्त होई. थोड्याच वेळात भाव पूर्वपदावर येई. विक्रीतला तोटा किरकोळ आणि जप्तीतून मिळालेली रक्कम मोठी, असा हा हिशेब होता.

१०/ बकेट शॉपचे नाव निघाले की जेसी लिव्हरमोरची गोष्ट हमखास सांगितली जाते. १८७७ साली जन्मलेला हा मुलगा किशोरवयात बॉस्टनमधील पेन वेबर या दलाली पेढीत फळ्यावर भाव लिहू लागला. आकड्यांची चाल त्याच्या लक्षात राही. बकेट शॉपांत तो इतके जिंकू लागला की दुकानदारांनी त्याला प्रवेश नाकारला. १९२३ साली एडविन लफेव्हर याने त्याच्या आयुष्यावर लिहिलेले कादंबरीवजा पुस्तक आजही जगभरचे ट्रेडर वाचतात.

११/ या गोष्टीतले दोन तपशील मात्र सहसा मागे पडतात. पहिला असा की लिव्हरमोर नोकरी सांभाळून सौदे करणारा नव्हता. भाव पाहणे हीच त्याची नोकरी होती आणि सौद्यांत पगारापेक्षा अधिक मिळू लागताच त्याने ती सोडली. दुसरा असा की न्यूयॉर्कच्या खऱ्या बाजारात येताच तो सर्वस्व गमावून बसला. बकेट शॉपमध्ये फळ्यावरच्या भावाने सौदा तत्काळ होई. खऱ्या बाजारात टिकर मागे राही आणि सौदा प्रत्यक्षात वेगळ्याच भावाने उरके. पुढे त्याने प्रचंड संपत्ती मिळवली, १९३४ साली त्याचे दिवाळे निघाले आणि १९४० साली त्याने आत्महत्या केली.

१२/ बकेट शॉपांचा शेवट न्यायालयातून सुरू झाला. भावच मिळाले नाहीत तर दुकाने चालणार नाहीत, हे ओळखून शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडने खटले भरले. १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅन्सस सिटीच्या ख्रिस्ती या दुकानदाराविरुद्ध निकाल दिला. बाजारात तयार होणारे भाव ही त्या बाजाराची मालमत्ता आहे, असा न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालपत्राचा आशय होता. १९०८ साली न्यूयॉर्क राज्याने या दुकानांविरुद्ध कायदा केला, १९१० साली संघ सरकारने छापे घातले. त्यानंतरच्या काही वर्षांत ही दुकाने ओसरली.

१३/ तारेवरून येणाऱ्या भावावर पैज लावण्याची कल्पना मात्र अमेरिकेपुरती राहिली नाही. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव तारेने येई. त्या भावांवर लोक ‘आकडा’ लावीत. न्यूयॉर्कचा दिवस म्हणजे मुंबईची रात्र, त्यामुळे हा खेळ दिवसपाळीच्या कामाआड येत नसे. दिवसभर मागावर कापूस विणणारा गिरणगावातला कामगार रात्री त्याच कापसाच्या परदेशी भावावर आणा-दोन आणे लावू शके.

१४/ १९६० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कचे भाव येणे थांबले. खेळ थांबला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत याने वरळीत मटका सुरू केला, १९६४ साली रतन खत्री याने आपला वेगळा मटका काढला. आता आकडे कापसाच्या बाजारातून येण्याऐवजी काढले जाऊ लागले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेवढे कायम राहिले. मूळ व्यापार पूर्ण नाहीसा झाला तरी पैज चालू राहू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही.

१५/ आजची व्यवस्था बकेट शॉपसारखी नाही, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. जानेवारी २००० मध्ये सेबीने इंटरनेटवरून शेअर व्यवहारांना अनुमती दिली. सौदा खऱ्या बाजारात जातो, त्याची नोंद राहते. शेअरच्या एका दिवसातील सौद्यासाठी दलाल देऊ शकेल असा उधारीचा पट २०२१ पासून साधारण पाचपर्यंत मर्यादित आहे. बकेट शॉपमध्ये तो शंभर होता.

१६/ वेळेचे गणित मात्र तेच राहिले आहे. बाजार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० आणि बहुतेक कचेऱ्या त्याच वेळात. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२–२३ या आर्थिक वर्षात शेअरमध्ये एका दिवसाचे सौदे करणाऱ्या दर १० व्यक्तींपैकी ७ जणांना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ७६ टक्के होते आणि वर्षाला ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. सौदे वाढले तसे तोट्यात जाणाऱ्यांचे प्रमाणही वाढले.

१७/ बॉस्टनचा कारकून मूर्ख नव्हता. त्याला भाव ठाऊक होता, हिशेब येत होता, आणि बरेचदा त्याचा अंदाज संध्याकाळपर्यंत खराही ठरे. त्याच्याजवळ नव्हता तो सकाळी दहा ते दुपारी तीन हा काळ. टिकरने त्याच्यापर्यंत भाव आणला, तो काळ आणला नाही. अर्ध्या तासाच्या सुट्टीत मावेल असा बाजार कोणी विकू लागला, तर उरलेले साडेचार तास तो सौदा कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न तेव्हाच्या चिठ्ठीइतकाच आजच्या पडद्यालाही विचारावा लागतो.