परवाना, तार आणि ट्रान्झिस्टर

दूरदेशीची नभोवाणी केंद्रे ऐकण्याचा ज्यांना नाद लागलेला असतो, त्यांच्यात एक वाद फार जुना आहे. गच्चीवर उंच बांबू रोवून, शेदोनशे फूट तांब्याची तार ताणून आणि अर्धे टेबल व्यापणारे वजनदार यंत्र पुढ्यात घेऊन जो बसत नाही, त्याने दूरश्रवणाची गोष्टच काढू नये, असे एका पक्षाचे म्हणणे असते. तर हातात मावणारा ट्रान्झिस्टर घेऊन जो गावाबाहेरच्या माळावर जाऊन बसतो त्याला तितकेच, क्वचित अधिकही, ऐकू येते, असे दुसरा पक्ष छातीठोकपणे सांगतो. या वादाचा निवाडा यंत्रशास्त्राच्या पुस्तकांवरून करण्याची रीत आहे. मला मात्र असे वाटते की, निदान हिंदुस्थानापुरता तरी, तो आधी इतिहासाच्या दप्तरात शोधावा. कारण येथे लहान यंत्राला जी योग्यता लाभली, तिचे श्रेय यंत्र घडविणाऱ्या कारागिरांइतकेच, सरकारने प्रसारणासाठी ज्या लहरी निवडल्या त्या निवडीकडेही जाते.

23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा त्या केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती आणि ते खात्रीने ऐकू येण्याची मर्यादा सुमारे तीस मैल. साताऱ्याच्या किंवा नाशिकच्या हौशी गृहस्थाच्या दृष्टीने, इलाख्याची राजधानी असूनही, मुंबई हा परमुलूखच होता; तो गाठायचा तर उंच तार, जमिनीत पुरलेली अर्थिंगची कांब आणि महागडे यंत्र यांवाचून गत्यंतर नव्हते, आणि शिवाय वर्षाला दहा रुपये भरून परवाना काढावा लागे तो वेगळाच. परवानेदारांची संख्या काही हजारांच्या पलीकडे गेली नाही, आणि 1930 च्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. पुढच्याच महिन्यात सरकारने ते ओझे आपल्या शिरावर घेतले.

1936 साली सरकारच्या या प्रसारण खात्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी मुख्य अभियंता म्हणून सेसिल गॉयडर नावाचे एक तरुण इंग्रज गृहस्थ रुजू झाले. हे गृहस्थ म्हणजे कोणी सामान्य नोकरदार नव्हेत. 18 ऑक्टोबर 1924 रोजी, लंडनच्या उत्तरेकडील मिल हिल शाळेत विद्यार्थी असताना, त्यांनी शाळेतल्या हौशी संचावरून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील शॅग व्हॅली येथील मेंढपाळ कुटुंबातल्या फ्रँक बेल यांच्याशी बिनतारी संभाषण साधले होते, आणि सुमारे बारा हजार मैलांचे ते अंतर तोडणारा इंग्लंड-न्यूझीलंड दरम्यानचा तो पहिलाच दुतर्फी संवाद होता. अल्प शक्तीच्या लघुलहरी आकाशातील विद्युत्भारित थरावर आपटून पृथ्वीच्या पार पलीकडे उतरतात, हे ज्याने वयाच्या अठराव्या वर्षी स्वतःच्या कानांनी अनुभवले, त्याने एवढ्या विस्तीर्ण देशावर मध्यमलहरींचे जाळे विणण्याचा अशक्यप्राय खर्च नाकारून लघुलहरींची कास धरावी, यात नवल ते काय? 1938 साल संपण्यापूर्वी मुंबई, मद्रास व कलकत्ता या शहरांतून लघुलहरींवर प्रसारण चालू झाले होते.

या निर्णयाचा एक परिणाम बहुधा कोणी योजलेला नव्हता. ज्या यंत्रावर स्वदेशातले केंद्र लघुलहरींवर लावायचे, त्याच यंत्राचा काटा बोटभर सरकवला की लंडन, बर्लिन, टोकियो कानाशी येऊन बोलू लागत. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरातला साधा कौटुंबिक रेडिओदेखील अशा रीतीने जन्मतःच दूरश्रवणाचा संच ठरला.

त्या वाल्वच्या रेडिओचा थाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. कळ फिरवल्यावर मिनिटभर काहीच ऐकू येत नसे. मग आतले दिवे तापून काचेच्या तबकडीवर छापलेली शहरांची नावे पिवळट उजेडात उजळत, आणि चांगल्या संचात एक हिरवा डोळा असे, त्याची पाकळी मिटत जाऊन अगदी बारीक फट उरली की स्टेशन नेमके लागले असे समजावे. भिंतीच्या वरच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत तारेच्या जाळीची पट्टी टांगलेली असे, तीच एरियल. जेथे वीज नव्हती तेथे नव्वद व्होल्टचा सुक्या बॅटरीचा जड ठोकळा शहरातून आणावा लागे, आणि तो संपत आला की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हुकमाने रेडिओ फक्त बातम्यांपुरता लागे.

1942 साली या थाटाला भयाची किनार आली. बर्लिनहून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ बोलत होता, लंडनहून मराठी प्रसारण सुरू झाले होते, आणि ऑगस्टच्या अखेरीस खुद्द मुंबईतून उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ 42.34 मीटरवर प्रकट झाला, तो नोव्हेंबरात धरपकड होईपर्यंत जागा बदलत चालू राहिला. हे सारे त्याच घरगुती यंत्रावर ऐकता येई. परंतु त्या यंत्राच्या मालकाचे नाव आणि पत्ता परवान्याच्या नोंदवहीत होता आणि गच्चीवरची तार रस्त्यावरून दिसत होती. मोठ्या संचाची ही उणीव यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत कोठेही नमूद नसते.

स्वातंत्र्यानंतर मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली, तेव्हा श्रोत्यांनी कोलंबो गाठले. रेडिओ सिलोनकडे महायुद्धात सैनिकांसाठी योजलेला शंभर किलोवॅटचा प्रक्षेपक होता. अमीन सयानींचा गीतमालेचा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, त्याची फीत विमानाने सिलोनला जाई आणि लघुलहरींवर स्वार होऊन मुंबईच्याच चाळीत परत येई. एवढ्या बलाढ्य केंद्रापुढे श्रोत्याचे यंत्र लहान असले तरी बिघडत नव्हते.

अशा वेळी ट्रान्झिस्टर आला. अमेरिकेत 1954 साली निघालेल्या रीजन्सी कंपनीच्या खिशातल्या रेडिओत चारच ट्रान्झिस्टर होते आणि तो केवळ मध्यमलहरी ऐकवी; आपल्या बाजारात मात्र शॉर्टवेव्हवाचून संच खपणे कठीण होते. पोटात फेराइटची वीतभर कांडी, डोक्यावर ओढून लांब करायची दांडी, आणि साधे सेल! मध्यमलहरींवर त्या कांडीचा एक गुण मोठ्यांनाही हेवा वाटावा असा आहे: संच हातात धरून गोल फिरवला की नको असलेले केंद्र एका विशिष्ट कोनात जवळजवळ नाहीसे होते आणि त्याच्याखाली दबलेले दूरचे केंद्र वर येते. उलट, पाहुण्याला पंगतीत वाढतच राहावे तसे या लहान यंत्राला लांब तार जोडून अधिकाधिक संकेत पाजावे, तर त्याला अजीर्ण होते. एका केंद्राचे भूत दुसऱ्या जागी बोलू लागते. शेजारशेजारची केंद्रे स्वच्छ वेगळी काढणे हे मोठ्या संचाचेच काम, आणि तेथे लहानाने नमते घ्यावे हे बरे. पण लघुलहरींवर शेवटची मर्यादा बहुतेक वेळा आसपासच्या खरखरीची असते. ती खरखर मोठी तार दूरच्या आवाजाबरोबर इमानाने वाढवून देते; तिच्यावर खरा उपाय म्हणजे जागा बदलणे.

मोठ्या संचाच्या पक्षाचा सर्वांत भक्कम दाखलाही याच दिशेने बोट दाखवतो. 1921 च्या डिसेंबरात अमेरिकन हौशी मंडळींनी पॉल गॉडली यांना स्कॉटलंडला धाडले आणि त्यांनी आर्ड्रॉसन येथे, त्या काळी अत्यंत प्रगत मानलेले यंत्र व शेकडो फुटांची बेव्हरेज पद्धतीची तार वापरून, अमेरिकेतील दोन डझनांहून अधिक हौशी केंद्रांचे संकेत टिपले. यंत्र मोठे होते, तार लांब होती, हे खरेच. पण गॉडली बसले होते ते समुद्राजवळच्या उघड्या रानात, ऐन थंडीपावसात, तंबू ठोकून! तेवढी लांब तार शहरातल्या कोणत्याही छपरावर मावली नसती.

जागा हलवण्याचे हे सामर्थ्य गोमंतकाच्या मुक्तिलढ्यात प्रक्षेपकालाही उपयोगी पडले. 25 नोव्हेंबर 1955 पासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानात ट्रकवर बसवलेल्या यंत्रावरून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध प्रसारण आरंभले, पुढे ते कॅसलरॉकला नेले, आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत चालवले. सीमेपलीकडचे श्रोते ते चोरून, आवाज बारीक करून ऐकत.

31 ऑक्टोबर 1984 रोजी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा राजीव गांधी बंगालच्या दौऱ्यावर होते. देशातल्या सरकारी नभोवाणीने मृत्यूची वार्ता संध्याकाळपर्यंत दिली नाही. पुत्राने वाटेत ट्रान्झिस्टरवर बीबीसी लावून मातेचे वर्तमान जाणून घेतले. त्या क्षणी गच्चीवरच्या उत्तमोत्तम तारेचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता. पुढे लवकरच रेडिओचा परवाना रद्द झाला आणि त्यासाठी पोस्टात लागणारी रांगही गेली.

आता खरखर आकाशातून थोडी आणि इमारतीतून फार येते. प्रत्येक दिवा, प्रत्येक चार्जर तीत भर घालतो, त्यामुळे मुंबई-पुण्यातले मोठ्या संचांचे मालकही सुटीच्या दिवशी लहान यंत्र आणि तारेचे भेंडोळे पिशवीत घालून सह्याद्रीच्या एखाद्या घाटमाथ्यावर जातात. घरी तार बांधायची म्हटली तर हल्ली सरकारचे काही म्हणणे नसते. गृहनिर्माण संस्थेचे ना-हरकत पत्र लागते, आणि ते मिळवणे दहा रुपयांच्या परवान्याहून पुष्कळ दुर्घट आहे.