बंब राज्याचा, पाणी कोणाचे?

छोट्या शहरांच्या कारभाराविषयी एक मत आता इतके रूढ झाले आहे की त्याला कोणी मत म्हणतही नाही; ती सर्वमान्य गोष्ट समजली जाते. नगरपरिषदांनी गटारे, दिवाबत्ती, कचरा आणि घरपट्टी एवढे पाहावे. आग, पूर, इमारत कोसळणे असल्या जीवन-मरणाच्या गोष्टी त्यांच्या हाती ठेवू नयेत. त्यासाठी राज्याचे एकच अग्निशमन व आपत्कालीन दल उभारावे आणि नगरपरिषदांचे बंब त्यात जमा करावेत. निवृत्त सनदी अधिकारी हे सांगतात, अग्रलेखांत हे छापून येते आणि बाजारपेठेत आग लागली की दुसऱ्या दिवशी हात काळे झालेला दुकानदारही हेच बोलतो. त्याचा संताप समजतो. उपाय मात्र पटत नाही.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी पूर्ण बळानिशी मांडतो. ‘क’ वर्ग नगरपरिषद म्हणजे 25 ते 40 हजार वस्तीचे शहर. पथदिव्यांचे आणि पाणीपुरवठ्याचे वीजबिल भरताना जिचा जीव मेटाकुटीला येतो, ती अग्निशमन दल काय पोसणार? अनुदानातून गाडी येते, पण माणसे येत नाहीत. चालक दुसऱ्या विभागातून उसना, होज धरायला ठेकेदाराचा कामगार, अंगात साधा शर्ट आणि पायात चप्पल. बंब उन्हाळ्यात टँकर म्हणून फिरतो आणि जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळा धुतो. नगरपंचायतींची स्थिती याहून बिकट, आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींकडे तर काहीच नाही. उलट केरळ, कर्नाटक, गोवा येथे अग्निशमन हे राज्याचे खाते आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाने 2019 मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या आदर्श विधेयकाचा रोखही राज्यस्तरीय दलाकडेच आहे. शिवाय 108 ची रुग्णवाहिका आहेच. एक क्रमांक, एक व्यवस्था, सारे राज्य.

या वर्णनातला एक शब्दही मी नाकारत नाही. नाकारतो तो निष्कर्ष.

कायद्याचा आधार घेऊन वाद संपवण्याचा मोह मी टाळणार आहे. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात आग विझवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे आणि घटनेच्या बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांत सातवा विषय अग्निशमन सेवा हाच आहे. पण कायदे बदलता येतात. प्रश्न असा आहे की ते बदलावेत का?

त्यासाठी बंबाच्या टाकीपासून सुरुवात करू. मध्यम आकाराच्या बंबात साधारण 4,500 लिटर पाणी मावते आणि त्याचा पंप मिनिटाला 1,800 लिटर फेकू शकतो. पूर्ण ताकदीने चालवला तर टाकी अडीच मिनिटांत संपते. एकच होज जपून वापरली तरी दहा मिनिटांच्या पुढे निभाव लागत नाही. त्यानंतर ती लाल गाडी म्हणजे बाजारात उभे केलेले रिकामे पिंप. आग विझते ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेच्या पाण्याने. हे पाणी कुठून येते?

मोठ्या शहरातला वाचक म्हणेल, हायड्रंटमधून. छोट्या शहरात नळाला पाणी एक दिवसाआड येते, वैशाखात चार-चार दिवसांआड. जलवाहिनी बहुतेक वेळ कोरडी असते. रस्त्याकडेला हायड्रंट असलाच तर तो शोभेचा. खरे पाणी उंचावरच्या जलकुंभात असते. कोणत्या कुंभात आत्ता किती पाणी आहे, कोणत्या पेठेचा व्हॉल्व्ह थोड्या वेळापूर्वी सोडला, फिलिंग पॉइंटचे कुलूप कोणाच्या किल्लीने उघडते, हे शहरात एकाच माणसाला ठाऊक असते. तो म्हणजे पाणीपुरवठ्याचा व्हॉल्वमन. तो नगरपरिषदेचा नोकर, आज फायरमनही तिचाच. दोघांचा पगार एकाच हजेरीपत्रकावरून निघतो आणि दोघांचा साहेब एकच मुख्याधिकारी. म्हणून रात्री दोन वाजता नुसत्या हाकेवर काम होते. उद्या फायरमन राज्याचा झाला, तर व्हॉल्वमनला तो कोणत्या अधिकाराने उठवणार? दोन खात्यांचा समन्वय म्हणजे काय असते, हे सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तो पत्राने होतो. आग पत्राची वाट पाहत नाही.

पाण्याचे जे, तेच रस्त्याचे. बंब सुमारे आठ फूट रुंद असतो. पेठेतल्या गल्लीत दोन्ही बाजूंचे ओटे पुढे आलेले, त्यावर पत्रे, पत्र्यांपुढे टपऱ्या आणि टपरीपुढे दुचाकी. आगीच्या रात्री ही गल्ली रुंद करणारे यंत्र जगात नाही. ती सहा महिने आधी, अतिक्रमण हटवून मोकळी ठेवावी लागते. तो अधिकार नगरपरिषदेचा. ती तो वापरत नाही, हे खरे. पण बंब राज्याकडे गेल्याने ती तो वापरू लागेल काय? आज गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली तर लोक नगरपरिषदेवर मोर्चा नेतात. उद्या नगरपरिषद म्हणेल, गाडी आमची नाही. दल म्हणेल, गल्ली आमची नाही. वाचकहो, तुम्हीच न्यायाधीश आहात: मग मोर्चा कुठे न्यायचा?

इथेच या वादाचे मूळ आहे, आणि महाडचे उदाहरण ते उघड करते. 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 जण गेले. इमारत जुनी नव्हती. तिला दहा वर्षेही झाली नव्हती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने शर्थ केली, ढिगाऱ्याखालून चार वर्षांच्या मुलाला सुमारे 19 तासांनी जिवंत बाहेर काढले. त्या जवानांपुढे हात जोडावेत. पण गुन्हा कोणाकोणावर नोंदला गेला? बिल्डर, आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगरपरिषदेच्या तत्कालीन मुख्याधिकाऱ्यांवर आणि बांधकाम पर्यवेक्षकावरही. पूर्वपक्ष लगेच म्हणेल, पाहा, म्हणूनच नगरपरिषदेवर विश्वास नको! थांबा. तुमच्या योजनेतही बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र नगरपरिषदेकडेच राहते. जिथे संशय आहे ते टेबल तुम्ही जागेवर ठेवता आणि फक्त ढिगारा उपसणारे हात उचलून नेता. धोका जन्माला घालणारी फाइल एका कचेरीत, धोका निस्तरणारी माणसे दुसऱ्या कचेरीत. ज्याच्या माणसांना ढिगाऱ्यात उतरायचे नाही, तो फाइल अधिक काळजीने वाचेल, असे मानायला आधार काय?

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. ज्या अधिकाऱ्याला आगीत शिरायचे आहे त्याचे टेबल बांधकाम विभागाच्या शेजारी हवे आणि त्याच्या सहीशिवाय भोगवटा निघू नये. राज्याचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा सांगतो की इमारतीतील अग्निरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे. किती मंगल कार्यालये, किती खासगी दवाखाने, किती कोचिंग क्लास हे देतात? हे तपासायला शहर माहीत असावे लागते. अमक्या कार्यालयाने लग्नसराईत जिन्यातच गाद्या रचल्या आहेत, तमक्या दवाखान्याने मागचे दार विटांनी बुजवले आहे, या गोष्टी जिल्ह्याच्या ठिकाणी बसून दिसत नाहीत. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याला दिसतात.

आता राजकारणाचा मुद्दा. नगरसेवकांची लुडबुड हाच रोग असेल, तर त्याची परीक्षा नुकतीच होऊन गेली. राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत 2021 च्या अखेरीस आणि 2022 मध्ये संपली. निवडणुका झाल्या त्या डिसेंबर 2025 मध्ये. मधली वर्षे ना नगराध्यक्ष, ना नगरसेवक, ना सभेतला गोंधळ. प्रशासक राज्याचा, मुख्याधिकारी राज्याचा. पूर्वपक्षाचे निदान बरोबर असते तर या काळात अग्निशमन केंद्रांचा कायापालट व्हायला हवा होता. झाला का? आपल्या गावच्या केंद्रावर जाऊन पाहावे.

आणि राज्याच्या खात्याकडे गेले की शिस्त येते, हा विश्वास ज्यांना वाटतो त्यांनी भंडाऱ्याचे स्मरण करावे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून 10 बालके दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात 11 रुग्ण गेले. ही रुग्णालये नगरपालिकांची नव्हती; राज्याच्या आरोग्य खात्याची होती. मी यावरून राज्य नालायक आहे असे म्हणत नाही. मालकाची पाटी बदलल्याने आग विझत नाही, एवढेच म्हणतो.

108 चा दाखला सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवा. 2014 मध्ये सुरू झालेली ती सेवा राज्याने केलेल्या चांगल्या कामांपैकी एक आहे, यात वाद नाही. पण रुग्णवाहिकेचे काम काय? रुग्ण उचलायचा, सांभाळायचा आणि रुग्णालयात पोहोचवायचा. तिचे सामान तिच्या पोटात असते आणि पुढचे काम दुसरीकडे होते. बंबाचे सारे काम घटनास्थळीच होते, आणि त्याला तिथे गावाचे पाणी, गावाची गल्ली, गावाचा वायरमन लागतो. शिवाय हिशेब पाहा. ती योजना 937 रुग्णवाहिकांनी सुरू झाली. राज्याचे क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर. म्हणजे सरासरी 328 चौरस किलोमीटरमागे एक. या विरळ जाळ्यावर आगीचे गणित बसत नाही. शहरी भागात पहिला बंब पाच ते सात मिनिटांत पोहोचावा, असा देशातील मान्य निकष आहे. तो पाळायचा तर प्रत्येक शहरात केंद्र हवेच. प्रत्येक शहरात केंद्र, गाडी, तीन पाळ्यांची माणसे द्यायचीच असतील, तर एकत्रीकरणाने वाचले काय? खर्च तोच. फक्त तो राज्य करील, एवढाच फरक. मग राज्याकडे हा पैसा आहे, तर तो नगरपरिषदेला देण्यात अडचण कोणती?

गोव्याचा दाखला तर नकाशाच निकालात काढतो. गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा एकटा 5,207 चौरस किलोमीटरचा. गोव्याचे राज्यस्तरीय दल आमच्या मापाने जिल्ह्याहूनही लहान प्रदेशाचे दल आहे; ते उदाहरण माझ्या बाजूने साक्ष देते. केरळ, कर्नाटक मोठी राज्ये आहेत, हे मान्य. पण तिथेही बांधकाम परवाने स्थानिक संस्थांकडे आहेत, म्हणजे समन्वयाचा प्रश्न सुटलेला नाही; सवयीने निभावला जातो.

पुराविषयी फार बोलण्याची गरज नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण आणि महाड एकाच वेळी बुडाले. घाटांत दरडी, महामार्ग पाण्याखाली, वीज आणि फोन बंद. बाहेरची पथके पोहोचेपर्यंत लोकांना माळ्यांवरून आणि गच्च्यांवरून काढले ते होड्या घेऊन निघालेल्या स्थानिकांनी. पुढे वाशिष्ठी नदीतला गाळ निघाला, तोही चिपळूणकर साखळी उपोषणाला बसल्यावर. पूर कोणत्या आळीत आधी शिरतो, निळ्या पूररेषेच्या आत कोणाला बांधकामाची परवानगी मिळाली, हे सारे ज्ञान गावाचे आहे. दूरच्या दलाला ते शिकवता येते, पण बदल्या झाल्या की पुन्हा शिकवावे लागते.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र उरतो, आणि तो खणखणीत आहे: हद्दीबाहेरची गावे. उसाच्या फडाला, कडब्याच्या गंजीला, वाडीवरच्या घराला आग लागली की फोन तालुक्याच्या नगरपरिषदेलाच येतो. गाडी जाते. त्या वेळात शहर उघडे पडते. डिझेल शहरवासीयांच्या करातून जळते. नंतर बिल पाठवले की ग्रामपंचायत म्हणते तरतूद नाही, आणि शेतकऱ्याकडे मागावे तर त्याचे सर्वस्व आधीच जळालेले. लेखापरीक्षक आक्षेप काढतो. हा अन्याय आहे, आणि तो नगरपरिषदेच्या बळावर सुटणारा नाही.

राज्याचे काम इथे आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना 2023 मध्ये आणली. अशा पैशातून नुसत्या गाड्या घेऊ नयेत. आकृतिबंधात फायरमनची पदे मंजूर करून, ती भरल्याशिवाय गाडीचे अनुदान देऊ नये. आस्थापना खर्चाच्या मर्यादेतून ही पदे वगळावीत, कारण ती मर्यादाच आज चप्पल घातलेल्या ठेका कामगाराच्या हाती होज देते. संवर्ग राज्याचा असू द्या, प्रशिक्षण सांताक्रूझच्या अकादमीत होऊ द्या, गणवेश आणि निकष एक असू द्या; यातल्या कशालाही माझा विरोध नाही. हद्दीबाहेरच्या प्रत्येक फेरीचे पैसे राज्याने ठरलेल्या दराने, बिल मिळताच, नगरपरिषदेला द्यावेत. आणि बंब नगरपरिषदेच्या आवारातच, मुख्याधिकाऱ्याच्या हुकमतीखाली राहू द्यावा.