मातीशी इमान राखणारी माउली : बहिणाबाई चौधरी

जीर्णोद्धार म्हणजे पडत्याला पुन्हा उभे करणे. देवळाच्या बाबतीत हे काम गवंडी, सुतार व पाथरवट करतात, आणि त्यांच्या पाठीशी गावकऱ्यांची वर्गणी व देणगीदारांचे औदार्य उभे असते. घराच्या बाबतीत हेच काम आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या बायामाणसांनी केले. दुष्काळ आला, रोगाची साथ आली, घरचा कर्ता पुरुष गेला, तरी त्यांनी चूल विझू दिली नाही व शेत पडीक पडू दिले नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराची संगमरवरी पाटी लागते, घर सावरणाऱ्या माउलीची पाटी कोठेच लागत नाही. म्हणून या मंगल प्रसंगी, आपल्या खानदेशच्याच काळ्या मातीत जन्मलेल्या व त्याच मातीत राबून गेलेल्या एका शेतकरी स्त्रीचे चरित्र गावकरी बंधुभगिनींपुढे ठेवणे उचित ठरेल. त्या माउलीचे नाव बहिणाबाई नथूजी चौधरी.

बहिणाबाईंचा जन्म इ. स. १८८० मध्ये, ऐन पावसाळ्यात, जळगावपासून जवळच असलेल्या असोदे या गावी झाला. वडिलांचे नाव उखाजी महाजन व आईचे नाव भिमाई. घर लेवा समाजातील, शेतीभातीचे व भरल्या गोकुळाचे. त्या काळी खेड्यातील मुलींना शाळेची वाट ठाऊक नसे. बहिणाबाईंनीही पाटी-पेन्सिल हाती धरली नाही आणि अखेरपर्यंत त्यांना लिहिता-वाचता आले नाही. त्यांचे शिक्षण झाले ते शेताच्या बांधावर, जात्याच्या पाळीपाशी आणि देवळातील भजन-कीर्तनात. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावचे नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले व असोद्याची लेक जळगावच्या वाड्यात नांदू लागली.

तो काळ कसा होता हे ध्यानी घेतल्याशिवाय या बाईचे मोल कळायचे नाही. रेल्वे आल्यापासून जळगाव ही कापसाची पेठ झाली होती. पैसा खेळू लागला होता, पण शेतकऱ्याचे पोट पावसावरच अवलंबून होते. इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने पाऊल टाकले व तेथून तो गावोगाव पसरला. लोक घरेदारे सोडून रानात झोपड्या घालून राहू लागले. पाठोपाठ इ. स. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला. संवत १९५६ चा म्हणून जुनी माणसे त्याला छपन्याचा दुष्काळ म्हणत. दाणा नाही व वैरण नाही अशी अवस्था होऊन माणसे व जनावरे दोन्ही हवालदिल झाली. पुढे १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली. बहिणाबाईंचे तरुणपण व संसार हा असा आपत्तींच्या मालिकेत गेला.

त्यांच्या स्वतःच्या घरावरही घाव बसायचे राहिले नाहीत. ओंकार व सोपानदेव हे दोन मुलगे आणि काशी ही कन्या, अशी तीन अपत्ये पदरात. त्यांपैकी ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. त्यातच बहिणाबाईंच्या वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी नथूजींचे निधन झाले. धाकटा सोपान त्या वेळी अगदी लहान होता.

येथे त्या वेळच्या कायद्याची स्थितीही सांगितली पाहिजे, कारण आजच्या तरुण मंडळींना ती ठाऊक नसते. त्या काळी मुलगे असलेल्या हिंदू विधवेला नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत वारस म्हणून हिस्सा मिळत नसे. तिचा हक्क अन्नवस्त्राचा व राहण्याच्या जागेचा एवढाच. विधवेस काही मर्यादित हक्क देणारा कायदा प्रथम १९३७ साली झाला व पूर्ण मालकी देणारा हिंदू वारसा कायदा तर १९५६ साली आला. तोवर बहिणाबाई हे जग सोडून गेल्या होत्या. म्हणजे ज्या शेतात या माउलीने आयुष्यभर पेरले, निंदले, कापले व मळले, त्या शेतावर कायद्याच्या दृष्टीने तिचे स्थान काय होते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. खातेउताऱ्यावर खातेदाराचे नाव असते, पीकपाहणीत पिकाचे नाव असते. निंदणी करणाऱ्या हाताचे नाव लिहायला त्यात रकानाच नसतो.

पण बहिणाबाई रडत बसल्या नाहीत. रडण्यास त्यांना सवडच नव्हती. पहाटे उठून घरोटावर दळण, मग पाणी, सडासारवण, भाकऱ्या, गुरांचे शेणपाणी आणि दिवस उगवताच शेताची वाट. पेरणीच्या दिवसांत पेरणी, पावसाळ्यात निंदणी, पुढे कापणी, मळणी आणि खळ्यावर उपणणी. ज्यांनी उपणणी केली आहे त्यांना सांगायला नको की या कामात नुसते अंगबळ चालत नाही. सूप उंच धरून वाऱ्याची वाट पाहावी लागते. वारा आला की दाणा पायाशी पडतो व भूस उडून जाते. वारा पडला की हात धरून उभे राहावे लागते. बहिणाबाईंचे आयुष्यही याच रीतीने गेले. दुःखाचे भूस उडून जाईपर्यंत त्यांनी धीर सोडला नाही आणि शहाणपणाचा दाणा तेवढा राखून ठेवला.

हे शहाणपण त्यांच्या ओठी गाणे होऊन येई. काम चालू असताना आपल्या घरच्या लेवा बोलीत त्या सहज रचना करीत. पेरणी, मळणी, उपणणी, बैलगाडी, घरोट, सुगरण पक्ष्याचे घरटे, पोळा, आखाजी, धरित्रीमाता, माहेरची वाट असे त्यांचे विषय. विठ्ठलाच्या मंदिरावरही त्यांची रचना आहे. देवाला त्यांनी पिकात, पानात व वाऱ्यात पाहिले, तरी देवळाची पायरी कधी कमी लेखली नाही. माणसाचे मन किती ओढाळ असते, हे त्यांनी पिकात शिरणाऱ्या गुराचा दाखला देऊन सांगितले. मोठमोठ्या पंडितांना जे सांगायला पाने लागतात, ते या बाईने चार ओळींत सांगून टाकले.

वैधव्याविषयीचे त्यांचे विचार तर आजही प्रत्येक घरात सांगण्यासारखे आहेत. नवरा गेला की बाईचे सर्वच गेले असे समाज धरून चालतो. बहिणाबाईंनी हा हिशेब मानला नाही. सौभाग्याची लेणी काळाने नेली, पण अंगावरचे गोंदण व मनगटातला जोर कोणी नेऊ शकत नाही, असे त्यांनी कीव करणाऱ्या आयाबायांना बजावले. आपले दैव आपल्याला कळले आहे, तेव्हा तू दारी येऊ नकोस, असा ज्योतिषाला त्यांचा रोकडा जबाब होता. एका रचनेत सासुरवाशिणीला योगी विचारतो की माहेरचे एवढे गोडवे गातेस, तर सासरी राहतेसच कशाला? तिच्या उत्तराचा भावार्थ असा की, मी सासरी टिकून राहिले नाही, तर माझ्या मुलीने माहेर म्हणून यायचे कोणाकडे? एवढ्या एका उत्तरात आपल्या आयाबहिणींच्या सोसण्याचे सारे कारण आले आहे. त्यांचे सोसणे स्वतःपुरते नव्हते, ते पुढच्या पिढीला जागा करून देण्यासाठी होते.

परंतु या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नसल्यामुळे त्यांची बहुतेक गाणी ज्या वाऱ्यावर म्हटली त्याच वाऱ्यावर उडून गेली. मुलगा सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेला कवी झाला. त्याने व मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईच्या तोंडून आलेली काही गाणी वेळोवेळी वहीत टिपून ठेवली. दिनांक ३ डिसेंबर १९५१ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, बहिणाबाईंचे जळगाव येथे निधन झाले. चाळीस वर्षांचे वैधव्य त्यांनी मान ताठ ठेवून काढले होते. त्या गेल्या त्या दिवशी महाराष्ट्राला त्यांचे नावही माहीत नव्हते.

आईच्या पश्चात सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांनी हे बावनकशी सोने आहे हे तत्काळ ओळखले, आणि १९५२ साली त्यांच्याच प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे १९६१ सालच्या 'मानिनी' या चित्रपटातून त्यांची गाणी घरोघर पोचली. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत त्यांच्या कविता आल्या. जळगावात १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असे नाव देण्यात आले. जिने शाळेची पायरी चढली नाही, तिच्या नावाच्या पदव्या आज खानदेशची मुलेमुली घेत आहेत. हा त्या माउलीच्या पुण्याईचा विजय आहेच, पण तो त्या एका वहीचाही विजय आहे. ती वही नसती, तर असोद्याची ही लेक अनेक कष्टाळू बायांपैकी एक म्हणून विस्मृतीत गेली असती.

आपल्या गावातही अशा माउल्या होऊन गेल्या व आहेत. मोट चालविणाऱ्या, दुष्काळी कामावर खडी फोडून लेकरे वाढविणाऱ्या, नवऱ्याच्या मागे कर्ज फेडून शेत सोडविणाऱ्या. या मंदिराच्या कामातही सभामंडपाच्या स्लॅबला ओळीने घमेली पोचविणारे हात त्यांचेच होते, आणि गुप्तदान म्हणून पायलीभर धान्य आणून देणाऱ्याही त्याच. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या, लग्नातील गाणी, पीकपाण्याचे ठोकताळे व औषधी पाल्याची माहिती त्यांच्याबरोबरच जात आहे. जाती अडगळीत पडली, पिठाच्या गिरण्या आल्या, हे सोयीचेच झाले. पण ओवी गिरणीत दळली जात नाही.

काळ हळूहळू बदलत आहे. सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना शासनाने १९९२ साली आणली. २००५ साली कायद्यातील दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्रात आवश्यक झाले आहे. परंतु कायद्याने रकाना केला तरी तो भरावयाचे काम आपलेच आहे. ज्यांनी अद्याप घरधनिणीचे नाव उताऱ्यावर लावलेले नाही, त्यांनी या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने ते शुभकार्य करावे.

आणखी एक नम्र विनंती. गावातील शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या आजीपाशी बसून तिच्या ओव्या, तिची हकीगत व तिने पाहिलेले दुष्काळ-सुकाळ एका वहीत लिहून काढावेत. खर्च वहीचा व पेनाचा. असे केल्यास या मंदिरात देणगीदारांची नामावली जशी जतन होईल, तशी ज्यांनी कष्टाची देणगी दिली त्यांचीही नोंद गावापाशी राहील. श्रींच्या कृपेने देऊळ उभे राहिले आहे. त्या देवळाला हात जोडणारी घरे ज्यांच्या बळावर उभी राहिली, त्या सर्व माउल्यांना या पानावरून साष्टांग दंडवत.