रद्दीतून वाचलेला इतिहास

आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून बोलतोय. आज विषय आहे कात्रणांचा. ट्रंकेत, गादीखाली, पोथीत घालून ठेवतो ना आपण, ती कात्रणं.

तुम्ही म्हणाल, यात कसला इतिहास? ऐका तर.

सन १८५५. पुण्यात सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. तिनं आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ या पत्रानं तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापला. ते अंक कुणीतरी जपले, म्हणून आज आपण तो वाचू शकतो. रद्दीत गेले असते तर मुक्ताचा आवाजही गेला असता.

दुसरी गोष्ट बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची. त्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. पुढं लोक ते विसरून गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं. मधे ९३ वर्षं गेली! एखादी प्रत टिकली म्हणूनच हे जमलं.

तिसरी गोष्ट अलीकडची. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरांच्या चळवळीतल्या बायकांचा शोध घेतला. जुनी वर्तमानपत्रं चाळली, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायकांना भेटून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यातून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं.

आमच्या ठाण्यात १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. मराठी पुस्तकं एका जागी राहावीत, हा ध्यास. पण पुस्तकांना ग्रंथालय मिळालं, बायकांच्या कामाच्या बातम्यांना कोण जागा देणार?

आमच्या वागळे इस्टेटचंच बघा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत इथं झाली. पुढं कितीतरी कारखाने बंद पडले, त्या जागी आता काचेच्या इमारती दिसतात. इथं पॅकिंग करणाऱ्या, डबे पोचवणाऱ्या, घरी बसून माल जोडणाऱ्या बायकांचा लिहिलेला इतिहास आम्हाला तरी सापडला नाही. कुणाच्या घरी एखादी बातमी, एखादा फोटो असेल, तोच पुरावा.

तुमच्या गावातही असंच असणार. दारूबंदीसाठी बायका उभ्या राहिल्या, गटानं पहिलं कर्ज फेडलं, कुणी सरपंच झाली, तर त्याची बातमी एकदाच येते. मग त्या पानावर भजी बांधली जातात.

म्हणून घरच्या घरी एवढं करूया. बातमी कापली की लगेच पेनानं कडेला वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहायची. तारीख नसेल तर कात्रणाला पुराव्याची किंमत उरत नाही. चिकटपट्टी आणि टाचणी नको. पट्टी पिवळी पडते, टाचणीला गंज चढतो. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडून तुटतो, म्हणून महत्त्वाच्या कात्रणाची झेरॉक्स काढून ठेवायची. शेती, आरोग्य, कायदा, आपला गट अशी वेगवेगळी पाकिटं करायची. पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा उंच जागी ठेवायची, उन्हात मात्र वाळवायची नाहीत. आणि ज्या बाईचा फोटो असेल तिचं नाव मागे हलक्या हातानं पेन्सिलीनं लिहायचं. पन्नास वर्षांनी ‘ही कोण?’ असं नातीनं विचारलं तर उत्तर तिथंच असावं.

गटाच्या वह्यांत हिशेब असतो, तशी एक फाईल कात्रणांचीही असू द्या. महिन्याच्या बैठकीत जिच्या हाती बातमी लागली तिनं ती मोठ्यानं वाचायची आणि मगच फाईलमध्ये लावायची. वाचता न येणारीलाही कळेल की आपलं नाव छापलंय.

आपला इतिहास लिहायला कुणी येईल तेव्हा येईल. तोवर तो रद्दीवाल्याच्या तराजूत जाणार नाही, एवढं आपल्या हातात आहे. येताय ना फाईल घेऊन?